बाबूजींसाठी उपमा

दरवर्षी पळस फुलायला आणि बारावीच्या पोरांना अलंकार आठवायला एकच मुहूर्त सापडतो. वर्षभर ज्या पानाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, ते पान फेब्रुवारीत एकदम लाडकं होतं. हमखास मार्कांचं पान ना ते! मग मी फळ्यावर लिहीत असते आणि पोरं खाली मान घालून उतरवून घेतात. 'सारखा', 'सम' दिसलं की उपमा. 'जणू', 'गमे', 'वाटे' दिसलं की उत्प्रेक्षा. गाडीच्या नंबरावरून जिल्हा ओळखावा, तसा अलंकार ओळखायचा. मागच्या बाकावरची दामिनी विचारते, "मॅम, मतलब नाही समजला तरी चलेगा ना? पहचानना आलं की मार्क पूरे?" मी म्हणते, चलेगा. काय करू? पेपर तोंडावर आलेला असतो, आणि मतलब समजायला कुणाकुणाला फार वेळ लागतो. मलाही लागला.

वर्गाच्या खिडकीतून राइस मिलचा वास येतो. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान शिजवतात, त्याचा ओलसर, कोंदट वास. आमच्या गोंदियात तो बारमाही असतो, म्हणून इथल्या कुणाच्या नाकाला तो कळत नाही. मलाही कळत नसे. पण आता फाल्गुनात, उन्हाला नुकती धार आलेली असताना, तो वास आणि खडूची भुकटी एकदम नाकात शिरली की माझा हात फळ्यावरच थांबतो. पोरांना वाटतं, मॅडम उदाहरण आठवून राहिल्या. मला आठवत असतं आमचं कामठ्याच्या पलीकडचं गाव, लाखोरीचं कडधान्य उपटून मोकळी झालेली धानाची शेतं, आमच्याकडच्या बांध्या, आणि अंगणात भिंतीला टेकून बसलेली माझी माय. माझे वडील, बाबूजी, गेले होते आणि मायच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

माझी माय आणि शब्द निघत नाही! गावात कुणाला सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. माय आजूबाजूच्या सगळ्या गावांत रडण्यासाठी प्रसिद्ध होती. हे नीट सांगायला हवं, नाही तर लोकांना भलतंच वाटेल. आमच्याकडे बायका नुसत्या रडत नाहीत, सांगून रडतात. घरात माणूस गेलं की बाहेरून आलेली बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडते आणि हेल काढत, सुरात, गेलेल्याला हाका मारत, त्याचा सगळा जन्म रडून सांगते. एकीनं सुरू करायचं, दुसरीनं उचलायचं. लेक सासरी निघाली तरी असंच रडतात, बहीण लई दिवसांनी भेटली तरी असंच. आणि रडून झालं की पदरानं डोळे पुसून विचारतात, "चहा ठेवू का वं?" शहरातल्या माझ्या शेजारणी हे पाहून म्हणाल्या होत्या, "ये तो सब दिखावा है." मला राग आला होता. दिखावा कसला? ज्या बाईला दुःखानं तोंड उघडवत नाही, तिचं तोंड दुसरीनं उघडून द्यायचं, अशी ती रीत आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी खुशाल नाक मुरडावं.

लहानपणी मी मायच्या मागं अशा घरी जायची. वाटेनं माय वांग्याबद्दल बोलत असायची. यंदा वांग्याले कीड लागली, अमकीच्या सुनेनं तमकं केलं, सगळं चालू. मेलेल्याचं घर एका वळणाच्या अंतरावर आलं की ती थांबायची, पदर डोक्यावरून नीट घ्यायची, आणि अंगणात पाय ठेवताना एकदा सगळीकडे नजर फिरवायची. काय पाहते, ते मला कळत नसे. एकदा एका घरी दोरीवर म्हाताऱ्याचं धोतर वाळत होतं. माय सरळ त्या म्हातारीच्या गळ्यात पडली आणि सुरू झाली, "धोतर वाऊन गेलं वो मामाजी, घडी कराले काऊन नाही आले तुमी…" तोवर कोरडं बसलेलं अख्खं अंगण फुटलं. म्हातारी तर अशी रडली की तिला धरायला दोघी लागल्या.

परतताना मी विचारलं, "माय, तो बुढा त तुले आवडत नव्हता ना?"

"नव्हताच आवडत. वंगाळ होता."

"मंग खोटी रडली का तू?"

"खोटी? पानी का नळाचं होतं माह्या डोयातलं?" माय भडकलीच. मग जरा पुढं गेल्यावर म्हणाली, "वंगाळ होता, पन मेला ना बिचारा."

पुढं शिकायला गोंदियात आले तेव्हा सरांनी करुण रस शिकवला. शोक हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मनात आधीपासून मुक्कामाला असलेला. ज्याच्यासाठी शोक होतो तो आलंबन, आणि ज्या वस्तूनं तो भडकतो ते उद्दीपन. वर्गातली पोरं पाठ करून राहिली होती आणि मी बाकावर बसून त्या म्हाताऱ्याचं धोतर पाहत होते. अंगणात नजर फिरवून माय काय शोधते, ते मला तेव्हा कळलं. किती आनंद झाला होता म्हणून सांगू! आपल्या घरात रोज वापरात असलेल्या भांड्याचं नाव दुकानाच्या पाटीवर वाचावं, तसं वाटलं. सुट्टीत घरी जाऊन मी ते मायला सांगितलं. ती धान पाखडत होती. म्हणाली, "असन."

मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मात्र तिनं सगळं नीट ऐकलं. मोतीबिंदू काढून ती माझ्याकडे राहायला होती, बाबूजीही सोबत आले होते. बाबूजी म्हणजे घरात असून नसल्यासारखा माणूस. बुटके, किडकिडीत, आवाज एवढासा. थोडं वावर, पाण्याची एक छोटी बोडी, तळंच म्हणा, आणि त्यातच सगळा जन्म. माझ्याकडे आले की गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालची रहदारी पाहायचे. माय आत दिवाणावर काळा चष्मा लावून पडलेली. संध्याकाळी माझ्याकडे ट्यूशनची पोरं यायची, आणि माय भिंतीकडे तोंड करून ऐकत असायची. पोरं गेली की हळूच विचारायची.

"अतिशयोक्ती म्हंजे लबाडी का वं बेबी?"

"नाही माय. मनातलं मोठं असलं की शब्दही मोठे होतात."

"मंग लबाडीच," ती म्हणाली आणि हसली. "म्या त लई केली."

दुसऱ्या दिवशी चेतनगुणोक्ती शिकवली. झाडं बोलतात, नदी रुसते, जीव नसलेल्याला जीव येतो तो अलंकार. मायला तो भारी आवडला. रात्री जेवताना बाबूजींना म्हणाली, "पाहा हो, माह्या रडन्याले इथं पोट्टे मार्क घेऊन रायले." बाबूजी भात कालवत होते. "चांगलं आहे," म्हणाले. एवढंच. मग माय रोज दिवसभर अलंकार लावत बसली. शेजारची भाभी आपल्या पोराचं कौतुक सांगून गेली की दार लागायच्या आत माय म्हणायची, "गेली अतिशयोक्ती!" मी म्हणायची, अगं हळू, ऐकू जाईल. तिला काय त्याचं!

ते दिवस आठवले की आताही बरं वाटतं, पण घटकाभरच. कारण पुढच्याच परीक्षेच्या मोसमात बाबूजी गेले.

लाखोरी उपटायचे दिवस होते. सकाळचं ऊन अंगाला लागायला लागलं होतं. बाबूजी थोडी लाखोरी उपटून दम घ्यायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. बाकीच्यांना वाटलं, बसले आहेत. बसल्या बसल्या माणूस गेला आणि त्यांनी त्याचाही कुणाला त्रास दिला नाही. मी बारावीच्या पेपरवर सुपरव्हिजनला होते. भावाचा फोन घेतला आणि तशीच निघाले. रस्त्यानं दोन्ही बाजूंना पळस पेटल्यासारखा लाल झालेला. दरवर्षी मी त्याच्याकडे कौतुकानं पाहते, त्या दिवशी त्याची चीड आली. फुलायला हाच दिवस मिळाला का मेल्याला?

घरी पोचले तर अंगण बायकांनी भरलेलं, आणि सगळं चिडीचूप. सगळ्या बायका मायकडे पाहत होत्या. पारबताकाकी, आमची शेजारीण, मायची जन्माची मैत्रीण, तिच्या खांद्याला धरून बसली होती. मी जाऊन मायच्या गळ्यात पडले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "पेपर सोडून आली का?" बस. बाबूजींना उचललं तेव्हाही ती भिंतीला टेकून बसलेली. डोळे कोरडे. बांगड्या फोडल्या तेव्हा तिनं हात पुढं केले, जसे बाजारात नव्या भरायला करते.

पुढचे दिवस गावोगावच्या बायका येत राहिल्या. ज्या ज्या घरी माय रडून आली होती, त्या त्या घरच्या. त्या तिच्या गळ्यात पडायच्या, सुरू करायच्या, "सोन्याचा होता वो बाई तुहा मालक, सोन्याचे होते त्याचे हात…" आणि माय उचलायचीच नाही. नुसती बसून राहायची. ती बाई बिचारी दोन-तीन ओळी एकटीच म्हणायची, मग तिचा आवाज खाली यायचा, आणि ती पदर सावरून बाजूला व्हायची. पारबताकाकी मला कोपऱ्यात नेऊन म्हणायची, "बेबी, हिले रडव वं बाप्पा. नाही त हिच्या छातीत गोटा बसन."

छातीत गोटा बसतो, ही गोष्ट आमच्या गावात थट्टेची नाही. नवरा गेल्यावर न रडलेली एक काकू मी लहानपणी पाहिली होती. ती अशीच गप्प झाली, जेवण तुटलं, आणि पावसाळा लागायच्या आत तीही गेली. मायचंही जेवण सुटत चाललं होतं. ताट समोर यायचं, ती भाताची शितं बोटानं एकीकडे सारायची आणि उठायची. भावानं डॉक्टर आणला. त्यानं नाडी पाहिली, झोपेच्या गोळ्या दिल्या, म्हणाला, "सदमा लगा है, टाइम लगेगा." कुजबुज सुरू झाली होती ती वेगळीच. दुसऱ्याच्या मढ्यावर एवढी रडते, आपल्या मालकासाठी टिपूस नाही. दगडाची आहे. हे शब्द माझ्या कानावर आले तेव्हा वाटलं, जाऊन एकेकीचं थोबाड रंगवावं. पण खरं सांगते, रागाखाली भीतीच होती. बाप गेला होता, आता मायही डोळ्यांदेखत जाईल की काय, ही एकच भीती मला दिवसभर आतून कुरतडत होती. आणि मीही रडले नव्हते. मायला पाहायचं की रडायचं?

दहाव्यानंतरच्या एका दुपारी ती मागच्या वाडीत बसली होती. उन्हात लाखोरीच्या शेंगा पसरल्या होत्या, तडतड फुटत होत्या. बाबूजींनीच उपटलेली ती लाखोरी. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "माय, तू रडत काऊन नाही?"

तिनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे हातात घेऊन पाहिले. "कसी रडू?" म्हणाली. "कोनते शब्द घेऊ? त्या गनपतले म्या सोन्याचा म्हनलं. बायकोले मारे तो, माहीत आहे ना तुले? त्याले सोन्याचा म्हनलं. तुह्या मोठ्या बाबाले म्हनलं. त्या वंगाळ बुढ्याले म्हनलं. ज्याच्या त्याच्या मढ्यावर सोनं ठेवून आली म्या. आता याइले तेच ठेवू? सगळ्यायचं उष्टं?"

शेंगा फुटत होत्या.

"मंग दुसरं ठेव ना," मी म्हणाले.

"तेच पाहून रायली," ती म्हणाली. "सापडत नाही."

म्हणजे ही बाई एवढे दिवस भिंतीला टेकून शब्द शोधत होती! लोक दगड म्हणत होते, डॉक्टर सदमा म्हणत होता, आणि ती आपल्या नवऱ्यासाठी उपमा धुंडाळत होती. हरवलेली शेळी धुंडाळावी तशी, सगळं रान पालथं घालून. मग मीही लागले तिच्यासोबत. काय करणार? मास्तरीण आहे मी, उपमा हा माझा धंदा.

"वडाच्या झाडासारखे?" मी म्हणाले.

"वड? उंची पाह्यली का याइची?"

"देवासारखे."

"देव काय घडी-घडी चहा मांगते?"

"बैलासारखे राबले म्हण."

"राबले कुठं एवढे? बसतच त होते मंधा-मंधात." तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण हसू नव्हतं ते. मी आणखी सुचवत राहिले, सावलीसारखे, दिव्यासारखे, आणि प्रत्येक वेळी ती मान हलवत राहिली. शेवटी मी थकून म्हणाले, "माय, अनन्वय नावाचा एक अलंकार आहे. ज्याले दुसरं कोनीच जुळत नाही, त्याले त्याचीच उपमा द्याची. बाबूजी म्हंजे बाबूजीच, असं."

माय म्हणाली, "म्हंजे हारल्याचाच अलंकार झाला तो." आणि हातातले दाणे पसरलेल्या लाखोरीत टाकून उठून आत गेली.

आजकाल गावातही कुणी गेलं की आधी मोबाइलवर फोटो येतो, फुलांच्या चौकटीत, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली पन्नास लोक तेच लिहितात, त्यांना तेही लिहावं लागत नाही, बोट लावलं की झालं. मी पण लावते. ज्यांना कधी पाहिलंही नाही त्यांना भावपूर्ण, आणि जे जिवाचे त्यांनाही भावपूर्ण. वर्गात पोरांना मी सांगते की वापरून वापरून उपमा झिजते. चंद्रासारखं मुख म्हटलं की आता ना चंद्र दिसतो, ना मुख. पोरं उतरवून घेतात. पण उपमा झिजली म्हणून कुणाचं जेवण सुटतं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि मी तरी त्यांना कसं सांगू? करुण रसाची व्याख्या सांगून झाली की मी पुढच्या मुद्द्यावर जाते. परीक्षेत तेवढंच येतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. माझीही रजा संपली. कॉलेजातून फोन आला होता, पेपर तपासायला यावंच लागेल. जाऊ की नको, माझा जीव वरखाली होत होता. वहिनी म्हणाली, "जा वन्संबाई, आमी आहो ना." आहेत, मला माहीत होतं. पण मायचं ताट त्या दिवशीही तसंच परत गेलं होतं. मी बॅग भरली, सोडली, परत भरली. निघताना मायला म्हणाले, "तू येऊ नको फाट्यावर, ऊन आहे." तरी ती आली. पायात बाबूजींची चप्पल घालून आली, तिची तिला सापडली नाही म्हणाली. पारबताकाकीही सोबत होती.

फाट्यावर आम्ही बसची वाट पाहत उभ्या राहिलो. समोरच्या बांधीत कुणी उन्हाळी धानाला पाणी देत होतं, मोटार चालू होती. मग लाल बस आली, थांबली, मी बॅग उचलली आणि रीतीप्रमाणे मायच्या गळ्यात पडले. आणि माय बोलली. सुरात नाही, हेल काढून नाही. माझ्या खांद्यावर तोंड ठेवून, रस्त्याकडे पाहत, घरात बोलते तशी.

"चहा थंडा करून पेत होते हो तुमी. फुकून फुकून पेत होते."

मला आधी वाटलं, मला काही सांगते आहे. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते.

"बाजारातून आले का पयले पाय धुवत होते, मंग पिशवी देत होते. भाजीत मीठ नसलं तरी बोलत नव्हते हो. ताटातच घेत होते. कुत्र्याले भेत होते. पारबताच्या कुत्र्यासाठी गल्ली सोडून मांगून येत होते, अना मले सांगत, तिकडं काम होतं. काय काम होतं हो? म्या कधी म्हनलं नाही तुमाले. मले माहीत होतं, म्या कधी म्हनलं नाही…"

कंडक्टर दारातून म्हणाला, "चला ना बाई, टाइम झाला." पारबताकाकीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं सगळं.

"मले कधी नावानं हाक नाही मारली," माय म्हणत होती. "खोकलत होते. दारात येऊन खोकलले का म्या बाहेर येवो. आता कोन खोकलन हो? घर चूप आहे. सकाळपासून कान देऊन बसतो म्या, घर चूप आहे…"

पारबताकाकी रडायला आली होती, उचलायला आली होती. पण उचलणार काय? चहाला आणि मिठाला कुणी काय जोड द्यायची? ती नुसतीच उभी राहून डोळे पुसत राहिली.

स्वभावोक्ती नावाचा एक अलंकार आहे. जे जसं आहे तसं सांगायचं, काही लावायचं नाही, सजवायचं नाही. तो आमच्या अभ्यासक्रमात नाही. जुने काही पंडित तर म्हणत की हा अलंकारच नव्हे, नुसती माहिती आहे. फाट्यावर मला हे काहीच आठवलं नाही, कितीतरी दिवसांनी पेपर तपासताना आठवलं, आणि त्या पंडितांचा मला इतका राग आला की पेनच खाली ठेवलं. माझी माय माझ्या खांद्यावर थरथरत होती. तिची हाडं माझ्या हाताला लागत होती, एवढी वाळली होती ती. मी तिला धरून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, रडली, रडली, वाचली माझी माय. रात्री वहिनीचा फोन आला की माय भात मागून जेवली. पण मला ते फाट्यावरच कळलं होतं.

थोड्या वेळानं तिनंच मला दूर केलं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जाय आता. लोक खोळंबले." मी बसमध्ये चढले. खिडकीतून पाहिलं तर ती आणि काकी गावाच्या वाटेला लागल्या होत्या. चप्पल मोठी होती, म्हणून माय पाय घासत चालली होती.

माझ्या शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती, मांडीवर पिशवी घेऊन. आमगावकडची असावी. बस सुरू झाल्यावर तिनं विचारलं, "कोन गेलं वं?"

"माझे बाबूजी."

"अना ते रडत होती ते?"

"माझी माय."

म्हातारीनं मान हलवली. जरा विचार केला. "गरीब आहे बिचारी," म्हणाली. "रडता येत नाही तिले. चहा अना कुत्रा! असं रडतेत का आपल्या मानसाले?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मायला रडता येत नाही? अगं, तुझ्या गावात कुणी मेलं असतं ना, तर तिला बोलवायला माणूस धाडला असतास! सगळं ओठांवर आलं होतं. पण मी ते बोलले नाही. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"हो मावशी," मी म्हणाले. "पहिल्यांदाच रडली."

म्हातारीनं माझ्याकडे वळून नीट पाहिलं. "अना तू?" म्हणाली. तिनं मांडीवरची पिशवी खाली पायाशी ठेवली, माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि भर बसमध्ये, ओळख ना पाळख, हेल काढून सुरू झाली.

"वाघासारखा होता वं बाई तुहा बाप, वाघासारखा…"

बाबूजी, वाघासारखे! पारबताकाकीच्या कुत्र्याला भिऊन गल्ली सोडणारे माझे बाबूजी. मला वाटलं, आता मी हसणार. तोंड उघडलं, तर आतून भोकाडच बाहेर आलं. लोक वळून पाहत होते. मी तिच्या खांद्याला गच्च धरलं आणि तिचा सूर उचलला. "वाघासारखे होते वो मावशी, वाघासारखे होते," मी म्हणत होते, आणि गोंदियाच्या स्टँडवर बस थांबेपर्यंत मी तेच म्हणत होते.